बनावट ग्राहक : छाप्याच्या बातमीचं वाचन

एरवी अशा व्याख्यानांत कविता, कादंबरी, नाटक यांचं वाचन होतं. आज आम्ही तुमच्यासमोर एका बातमीचं वाचन मांडणार आहोत. एखादी विशिष्ट बातमी घेतलेली नाही, बातमीचा साचा घेतला आहे. सांगली-साताऱ्याच्या आवृत्त्या ज्यांच्या घरी येतात त्यांना तो तोंडपाठ असेल. कधी पाचगणी-कासकडचं एखादं हॉटेल असतं, कधी महामार्गावरचा ऑर्केस्ट्रा बार, कधी लॉज. गोपनीय माहिती मिळाली, बनावट ग्राहक पाठवून खात्री केली, इशारा मिळताच छापा टाकला, इतक्या महिलांची सुटका केली. खाली अधिकाऱ्यांची नावं येतात, बातमी संपते.

आम्हाला यातल्या दुसऱ्या पायरीबद्दल बोलायचं आहे. 'बनावट ग्राहक'. पोलिसांच्या बोलीत 'पंटर', जुन्या बातम्यांत 'बोगस गिऱ्हाईक'. हा माणूस आत जातो आणि इशारा देतो. या दोन क्रियांच्या मधे दहा मिनिटं जातात की दोन तास, ते बातमीत कधी येत नाही. समोरच्या बाईला तो कसा वाटला, तिनं त्याला ओळखलं का, ओळखूनही का बसवून घेतलं, हेही येत नाही. बातमीतली खात्री नेहमी एकाच बाजूची असते. पलीकडच्या बाजूला सतत एक संशय चालू असतो आणि त्या संशयाचं वाचन आपल्या समीक्षेनं केलेलं नाही. आजचं म्हणणं एवढंच आहे की तो संशय समजून घेतल्याशिवाय छाप्याचा अर्थ लागत नाही.

एक खुलासा आधी करू. बारमधला नाच आणि देहविक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे कायदे वेगळे आहेत आणि एकीला दुसरीच्या नावानं हाक मारणं हा अन्याय आहे. पण दोन्हीकडे जो माणूस समोर येऊन बसतो, तो गिऱ्हाईक आहे की पोलिसांचा, हा प्रश्न सारखाच आहे. म्हणून दोन्हींचा विचार आज एकत्र करतो आहोत.

आता थोडं मागे जाऊ. प्रेक्षकांत सरकारचा माणूस बसलेला असणं ही सांगलीला नवी गोष्ट नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. त्यांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली बंद झालं. नाटकात कर्झनचं नाव नव्हतं. कीचक म्हणजे कर्झन, हा अर्थ नाट्यगृहात तयार होत होता. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात या नाटकाबद्दल लिहिलं, तेव्हा वर्णन केलं ते प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचं. गुन्हा शोधायचा तर रंगमंचाकडे पाठ करून बघायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे.

याच मातीत दुसरं एक उदाहरण आहे. कवलापूरचे काळू-बाळू. 'जहरी प्याला' या वगातल्या दोन हवालदारांच्या भूमिकांनी ही जुळ्या भावांची जोडी महाराष्ट्रभर गाजली, इतकी की त्यांची खरी नावं मागे पडली. तमाशाच्या बंदोबस्ताला हवालदार असतोच. तो कनातीपाशी उभा आहे, गणवेशात आहे, सगळ्यांना दिसतो आहे. फडावरही हवालदार आहे, तोही गणवेशात. लोक एकाकडे बघून हसतात आणि दुसऱ्याला ते ऐकू जातं. दिसणाऱ्या पोलिसाशी माणसाचं काही नातं जुळू शकतं. त्याला घाबरता येतं, त्याच्याशी हुज्जत घालता येते, त्याची नक्कल करता येते. साध्या वेशातल्या पोलिसाची नक्कल कशी करणार? तो आधीच गिऱ्हाइकाची नक्कल करतो आहे. तमाशाला सापडलेला विनोद बारमध्ये शक्यच होत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता बारकडे येऊ. डान्सबार बंदीचा निर्णय घेणारे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं घातली गेली आणि त्या ऑगस्टपासून बारमधला नाच बंद झाला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. २०१४ मध्ये सरकारनं सूट काढून सरसकट बंदी आणली, २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. आबांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. गावाकडची पोरं जमिनीचा पैसा बारमध्ये उधळतात, हा राग खरा होता आणि आपल्या जिल्ह्यांत त्याला पाठिंबाही होता. पण हेतू चांगला असला तरी कायदा कुणाच्या डोळ्यांनी बघतो, हे तपासावं लागतं.

या सगळ्या वादात एक अट आम्हाला फार बोलकी वाटते. बारमध्ये कॅमेरे लावावेत आणि त्यांचं थेट चित्रण पोलिसांना दिसावं, असं सरकारचं म्हणणं होतं. थेट चित्रणाची अट २०१६ मध्ये न्यायालयात टिकली नाही. मग नव्या कायद्यात बारच्या आत कॅमेऱ्याची सक्ती आली, तीही २०१९ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या मुद्द्यावर गेली. म्हणजे काय, बघा. बनावट ग्राहक एका संध्याकाळी येतो आणि जातो. कॅमेरा हा रोज येणारा, कधीही न उठणारा बनावट ग्राहक. तो आला की संशय घ्यायचीसुद्धा गरज उरत नाही, कारण आता सगळेच पोलिसांच्या नजरेत बसलेले आहेत. त्याच निकालानं आणखी एक बारीक फरक केला : पैसे उधळायचे नाहीत, पण बक्षिशी द्यायला हरकत नाही. कायद्याला अखेर नोट देणाऱ्या हाताची हालचाल मोजावी लागली.

बंदीच्या काळात आणि नंतरही संशय भिंतींपर्यंत पोचला. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर छापा पडला. नाचणाऱ्या मुली तर कुठंच दिसेनात. बऱ्याच तासांनी मेकअप रूममधल्या आरशामागे एक चोरखोली सापडली, तिच्यात १७ जणी होत्या. बातम्यांनी त्या आरशाच्या यंत्रणेचं कौतुक रंगवून सांगितलं. आम्ही ती बातमी वाचताना आतल्या हवेचा विचार करत होतो. गिऱ्हाईक पोलीस निघालं तर मालकाचा परवाना जातो. पण त्या भीतीपोटी भिंतीत कोंडली जाते ती बाई. संशय घ्यायचं काम मालकाचं, दरवाजावरच्या पोऱ्याचं आणि त्याचा भार सगळ्यात शेवटी तिच्या छातीवर.

आपल्या चित्रपटांनी हे दाखवलं आहे का? 'पिंजरा' आठवा, १९७२ चा. त्याच्यावर 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाची छाया आहे आणि त्याच्याही मागे हाइनरिश मान यांची १९०५ ची कादंबरी. 'ब्लू एंजल'मधला प्राध्यापक कॅबरेत पहिल्यांदा जातो तो आपल्या विद्यार्थ्यांना पकडायला. म्हणजे पंटरच तो, नैतिकतेचा. 'पिंजरा'तले गुरुजीही तमाशाच्या विरोधात उभे राहतात आणि त्याच फडाच्या मागे फरफटत जातात. दोन्ही चित्रपटांना कुतूहल आहे ते पहारेकऱ्याच्या पतनाचं. तो पहारा ज्यांच्यावर आहे त्या बाईला तो येताना कसा दिसतो, यात त्यांना रस नाही. ती भुरळ घालते, एवढंच तिचं काम.

'चांदनी बार' हा २००१ चा चित्रपट बराच पुढे गेला, हे मान्य करायला हवं. मधुर भांडारकरांनी मुमताजला घर दिलं, मुलं दिली, थकवा दिला. त्या कथेत खबरी आहे, त्याच्या हातून नाही पण त्याच्यापायी सगळं फिरतं. पोत्या रागाच्या भरात पोलिसांच्या खबऱ्याला मारतो आणि पोलीस पोत्याला संपवतात. पण तिथंही खबऱ्याचा खेळ पुरुषांच्या जगात चालतो. मुमताज रोज रात्री ज्या टेबलांसमोर नाचते, त्या टेबलांवरचे चेहरे ती कशी वाचते? तिच्या धंद्याचं सगळ्यात मोठं कसब ते आहे. कोण पैसे देईल, कोण पाठलाग करील, कोण रडेल, कोण नुसता बघून नोंद ठेवतो आहे. कॅमेरा तिच्याकडे बघत राहतो. तिच्या नजरेतून बघायचं मात्र राहून जातं.

आणि आता आपल्या सांगलीत परत. मे २००५ मध्ये, म्हणजे बारबंदीची चर्चा तापलेली असतानाच, गोकुळनगरच्या वस्तीवर छापा पडला. तिथल्या बायका तोवर असंघटित नव्हत्या. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून इथं एड्सविरोधी काम करत होती आणि १९९६ मध्ये बायकांची स्वतःची 'व्हॅम्प' ही संघटना उभी राहिली. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर असा तिचा पसारा. 'संग्राम'नं २०१८ मध्ये 'रेडेड' हा अभ्यास काढला. छाप्यांत 'सुटका' झालेल्या महाराष्ट्रातल्या २४३ बायकांशी बोलून तो केला आहे. त्यातल्या १९३ जणींनी सांगितलं की आम्ही आमच्या मर्जीनं या धंद्यात होतो, आम्हाला सुटका नको होती. शंभरात ७९ जणी. आता पुन्हा ती बातमी वाचा : 'इतक्या महिलांची सुटका'. शब्द तोच आहे, पण तो आता तितक्या सहज गळी उतरत नाही. कारण पिटा कायद्याच्या १७ व्या कलमाखाली या सुटकेचा अर्थ एक ते तीन वर्षं सुधारगृह असाही होऊ शकतो.

या वस्तीत संशयाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. छाप्यात सापडलेला निरोध पुरावा म्हणून जमा होणार असेल, तर बाई तो जवळ ठेवायला घाबरते. म्हणजे एक सरकारी खातं निरोध वाटतं आणि दुसरं तोच जप्त करतं. नवा गिऱ्हाईक पंटर असेल या भीतीनं बोलणं घाईत उरकायचं, आणि घाईत आजाराची खात्रीही करता येत नाही, माणसाचीही नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जे निर्देश दिले त्यांत निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक वा त्रास होऊ नये, हेही आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयासमोर मालाडचं प्रकरण आलं होतं. त्यातही सुरुवात बनावट ग्राहकापासूनच. न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना सोडायला सांगितलं आणि देहविक्री हा मुळात गुन्हा नाही, आपला व्यवसाय निवडायचा हक्क त्यांना आहे, असं नोंदवलं.

इथं तुम्ही एक प्रश्न विचाराल आणि विचारायलाच हवा. एखाद्या खोलीत कोवळी मुलगी कोंडलेली असेल तर? गणवेशातला पोलीस दारात गेला की ती मागच्या दारानं नाहीशी होणार. तिथं बनावट ग्राहकाशिवाय दुसरा मार्ग काय? आम्ही हा प्रश्न टाळत नाही. अशा मुलीसाठी सापळा लावावाच लागेल. पण सापळ्यात सापडलेल्या प्रत्येकीला तीच मुलगी समजणं, यात त्या मुलीचंही भलं नाही. आत कोण नवी आली, कोण अल्पवयीन आहे, कोण रडते आहे, हे सगळ्यात आधी कळतं ते शेजारच्या खोलीतल्या बाईला. 'व्हॅम्प'च्या बायकांनी वस्त्यांमध्ये स्वतःच्या समित्या केल्या आहेत त्या याच जाणिवेतून. तिला आरोपी किंवा पीडित अशा दोनच चौकटी ठेवल्या, तर साक्षीदार म्हणून ती कधी पुढे येणार? जिच्याकडे खरी खबर आहे, तिलाच आपण खबरीची भीती घालून गप्प केलं आहे.

आता त्या बनावट ग्राहकाकडे एकदा शेवटचं बघू. तो खरा ग्राहक करतो तेच करतो. बसतो, बोलतो, दर ठरवतो, नोट पुढे करतो. फरक त्या नोटेत आहे, तिचा क्रमांक पंचनाम्यात आधीच लिहिलेला असतो. त्या क्रमांकामुळे तो निर्दोष ठरतो आणि तीच नोट घेतली म्हणून ती अडकते. एका व्यवहारातल्या दोन माणसांपैकी एकाची पाटी कोरी आणि दुसरीची भरलेली, हा चमत्कार करायला कायद्याला एक वही आणि एक पेन पुरतं.

यातून आमची मागणी लहानशीच निघते आणि ती लिहिणाऱ्यांकडे आहे. बातमीदारांनी 'खात्री केली' लिहिताना कुणी, कशाची, किती वेळात, हे विचारावं. 'सुटका' लिहिण्याआधी तिला विचारलं होतं का, हे विचारावं. वय पडताळलं का, तिला कुठं नेलं, महिन्याभरानं ती कुठं होती, ही बातमीची दुसरी बाजू आहे आणि ती लिहायला बंदी नाही. आणि आपण समीक्षा करणाऱ्यांनी लावणी, बार, वस्ती यांच्यावरची कलाकृती वाचताना एवढं बघावं की त्यात बघणारा कोण आहे, आणि बघितली जाणारी बाई त्याच्याकडे बघून काय ओळखते. ते ज्ञान तिच्याजवळ आहे. अजून कुणी मागितलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.