अवघड आहे म्हणून खरं आहे का? रेसिंग सिम्युलेटर आणि व्हॅलिडेशनचा प्रश्न

"या गेममधली गाडी अगदी खऱ्यासारखी चालते." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतःही म्हटलं असेल. आज ते जरा तपासून बघू. गाड्यांची आवड नसली तरी वाचत राहा, कारण पीएचडीत कुठलंही मॉडेल बांधलंत की आज ना उद्या हाच प्रश्न समोर येतो: हे खऱ्यासारखं आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?

उदाहरण म्हणून 'ग्रां प्री लेजंड्स' घेऊ. पपायरस या कंपनीने 1998 साली काढलेला हा सिम्युलेटर 1967 च्या फॉर्म्युला वन हंगामावर बेतलेला आहे. त्या गाड्यांना विंग नव्हते. तीन लिटरचं इंजिन, लोटस 49 मध्ये साधारण 400 हॉर्सपॉवर, आणि हे सगळं जमिनीवर उतरवायला आजच्या मानाने अरुंद टायर. नवा माणूस खेळायला बसला की पहिल्या-दुसऱ्या वळणावरच गाडी गरकन फिरायची. आणि यातूनच त्याची ख्याती झाली. युक्तिवाद साधारण असा: खऱ्या गाड्या चालवायला अवघड होत्या, हा गेम अवघड आहे, म्हणजे हा गेम खरा आहे.

लॉजिकच्या तासाला हे फळ्यावर लिहिलंत तर मास्तर लगेच पकडतील. पण गोष्ट तेवढ्यावर सोडण्यासारखी नाही, कारण ही अवघडता येते कुठून हे बघण्यासारखं आहे.

खऱ्या गाडीची मागची चाकं सरकायला लागली की चालकाला ते आधी पाठीला आणि कमरेला कळतं. घरी खुर्चीत बसलेल्या माणसाला ते फक्त डोळ्यांनी कळणार, तेही पडद्यावर दिसल्यावर. 'ग्रां प्री लेजंड्स' सेकंदाला जास्तीत जास्त 36 चित्रं दाखवायचा. म्हणजे गाडीचं गणित शंभर टक्के बरोबर असतं, तरी खेळणाऱ्याला ती खऱ्या गाडीपेक्षा अवघडच वाटली असती, कारण त्याच्यापर्यंत माहिती कमी आणि उशिरा पोचत होती. अवघडपणातला मॉडेलचा वाटा किती आणि खुर्ची-पडद्याचा किती, हे नुसतं खेळून वेगळं काढता येत नाही. शिवाय 1998 मध्ये खेळणाऱ्या कितीजणांनी 31 वर्षांपूर्वीची ती गाडी हाकली होती? मग "खऱ्यासारखी" म्हणताना ते तुलना कशाशी करत होते?

आता मॉडेलच्या आत डोकावू. गाडी आणि रस्ता यांची गाठ फक्त चार टायरखालच्या चार छोट्या ठिकाणी पडते. त्यामुळे हाताळणीचा प्रश्न मुख्यतः टायरचा प्रश्न असतो. चाक ज्या दिशेला रोखलेलं आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जातंय, त्यांच्यातल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढवत नेला की टायरचा बाजूचा जोर आधी भराभर वाढतो, मग एका कमाल पातळीला पोचतो आणि पुढे हळूहळू उतरतो. हा आलेख पकडायला डेल्फ्टचे हान्स पासेइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात एक सूत्र मांडलं. त्याला 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणतात. साइन आणि आर्कटॅन्जंट यांची गुंफण आणि मोजके गुणांक, एवढ्यावर तो मोजलेल्या आलेखावर फार सुंदर बसतो.

जादू कसली, तर हे सूत्र रबराबद्दल काहीच सांगत नाही. ते मोजमापांवर बसवलेलं आहे, एवढंच. त्यामुळे जिथे मोजमापं आहेत तिथे ते भरवशाचं. पण गाडी पूर्ण आडवी झालीय, चाक रस्त्याला जवळपास काटकोनात घासतंय, अशा वेळी त्या कोनाची मोजमापं घेतलेली नसतील, तर सूत्र उत्तर देतं ते निव्वळ आकाराच्या सवयीने. आणि गंमत बघा, सिम्युलेटरची खरी परीक्षा खेळणारे घेतात ती नेमकी इथेच, गाडी हातातून सुटते तेव्हा. ग्राफमधल्या शेवटच्या बिंदूच्या पलीकडे रेघ ओढून त्यावर निष्कर्ष काढू नका, हे तुम्हाला पहिल्या सेमिस्टरला सांगतात. सिम्युलेटरवरच्या कित्येक वादांचं मूळ तेवढंच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे टायरच्या भौतिक रचनेपासून सुरुवात करणं. 'ग्रां प्री लेजंड्स'मागचे डेव्ह केमर पुढे आयरेसिंगच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि तिथे त्यांनी हा मार्ग धरला. ते मॉडेलही पुढे वेळोवेळी बदलावं लागलं. म्हणजे भौतिकशास्त्रापासून सुरुवात केली की काम संपलं, असंही नाही. फक्त आपलं कुठे चुकतंय हे शोधायला जागा मिळते.

मग तपासायचं कसं? एक नमुना देतो. वळणावर टायरचा बाजूचा जोर टेकलेल्या भागाच्या बरोब्बर मध्यावर लागत नाही, थोडा मागे लागतो. त्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि स्टीअरिंग हाताला जड लागतं. स्लिप अँगल वाढला की हे मागचं अंतर कमी होत जातं. परिणामी पुढच्या टायरची पकड कमाल होण्याआधीच चाकाला सरळ करणारा तो जोर ओसरायला लागतो. जाणता चालक ही हलकी होणारी स्टीअरिंग ओळखतो. आता सिम्युलेटरला विचारा: तुझी स्टीअरिंग पकड सुटायच्या आधी हलकी होते, की सुटल्यावर? "फील मस्त आहे" यापेक्षा हा प्रश्न चांगला, कारण याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं.

इथे कोणीतरी ग्रां तुरिस्मोचं नाव काढणारच. 2008 मध्ये सुरू झालेल्या जीटी अकॅडमीतून गेम खेळणारी मुलं खऱ्या शर्यतीत गेली. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ 2011 च्या ल मांसमध्ये आपल्या गटात दुसरा आला. मग गेम खरा नाही का? थांबा. तो प्रचंड गर्दीतून निवडलेला माणूस होता आणि निवडीनंतर त्याला खऱ्या गाडीवर प्रशिक्षण मिळालं. यातून कौशल्याचा काही भाग गेममधून रस्त्यावर येतो, एवढं म्हणता येईल. टायरचं गणित बरोबर आहे, हे यातून सिद्ध होत नाही.

ड्रायव्हिंग सिम्युलेटरच्या संशोधनात यासाठी एक उपयोगी फरक करतात. ब्लाऊ यांच्या 1982 च्या अभ्यासापासून तो रूढ झाला. आकडे जसेच्या तसे जुळले तर निरपेक्ष वैधता. आकडे वेगळे, पण बदलाची दिशा आणि क्रम तोच, तर सापेक्ष वैधता. या कसोटीवर माझं मत असं: 'ग्रां प्री लेजंड्स' पहिला दावा करू शकत नाही, पण दुसऱ्यात तो दमदार आहे. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं आणि मागची बाजू बाहेर जाते. हलक्या पायाने अॅक्सिलरेटर देऊन गाडीचा रोख सांभाळता येतो. ही नाती त्याने बरोबर पकडली आहेत. त्याचं मोठेपण यात आहे. लोकांनी त्याचं कौतुक केलं ते चुकीच्या कारणासाठी.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं वाटत असेल तर माझीच गोष्ट ऐका. पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एका रेसकारचं मॉडेल तयार केलं. लॅप टाइम प्रत्यक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मी खुशीत गाईडकडे गेलो. मॅडमनी आलेख बघितला आणि एकच विचारलं, "स्टीअरिंग किती फिरलं, ते जुळतंय का?" मी बघितलंच नव्हतं. बघितलं तर अजिबात जुळत नव्हतं. मी टायरची पकड जास्त धरली होती आणि इंजिनची ताकद कमी. वळणात कमावलेला वेळ सरळ रस्त्यावर गमावला जात होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. सहा महिन्यांचं काम, एक अख्खं प्रकरण, बाजूला ठेवावं लागलं. त्या दिवशी मेसमध्ये जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना एक काम करा. "आमचं मॉडेल प्रत्यक्षाशी जुळतं" असं जिथे लिहाल, तिथे पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: कुठली राशी जुळते, कुठल्या मर्यादेत जुळते, आणि ज्या मोजमापांवर मॉडेल बसवलं त्यांच्याव्यतिरिक्त कशावर तपासलं. तिसऱ्या ओळीपुढे जागा रिकामी राहिली, तर व्हायव्हाच्या आधीच गाईडना जाऊन भेटा.