कोळशाची टक्केवारी आणि तिचा छेद

देशोदेशींच्या कोळशावरच्या विजेचे आलेख अलीकडे वृत्तपत्रांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सर्रास छापले जातात. देशातील एकूण विजेपैकी किती टक्के वीज कोळशापासून मिळते, एवढेच बहुधा त्यांत दाखवलेले असते. रेघ उतरली की देश सुधारला, वरच राहिली की मागासलेला! यातले आकडे खोटे नसतात. आमची तक्रार आहे ती त्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल.

चीनचे उदाहरण घेऊ. 2007 साली तिथली सुमारे 80 टक्के वीज कोळशाची होती; 2023 साली हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास आले. पण त्याच काळात कोळशापासूनची वीज दुपटीहून अधिक झाली. अंश दुप्पट झाला, छेद मात्र जवळजवळ तिप्पट झाला, म्हणून अपूर्णांक लहान दिसतो. हवेत कार्बन डायऑक्साइडची भर पडते ती अंशामुळे, आणि नेमका तोच आलेखात दिसत नाही.

ब्रिटनची रेघ खरोखरच उतरलेली आहे. 1882 साली लंडनमध्ये कोळशावरचे वीजकेंद्र सुरू करणाऱ्या या देशाने 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचे केंद्र बंद केले. 2012 साली तिथे 40 टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती, हे लक्षात घेता या कामगिरीचे कौतुक करायलाच हवे. मात्र नैसर्गिक वायू, समुद्रातल्या पवनचक्क्या आणि कार्बनवरील कर यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मदतीला होती. तिथली विजेची एकूण गरजच घटत होती. (यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्रात आता कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या जळतात. तो धूर या आलेखात येत नाही.) गरज वाढत असलेल्या देशापुढे हीच रेघ आदर्श म्हणून ठेवताना एवढे तरी सांगायला हवे.

आता वर्गात एक साधा भागाकार करून पाहावा. 2023 साली भारतातील सुमारे 75 टक्के वीज कोळशाची होती, अमेरिकेतील जेमतेम 16 टक्के. पण कोळशापासूनच्या विजेला लोकसंख्येने भागले, तर वर्षाकाठी भारतात माणशी सुमारे 1,000 युनिटे येतात, अमेरिकेत 2,000, चीनमध्ये 4,000, आणि ऑस्ट्रेलियात त्याहूनही अधिक. टक्केवारीत या चौघांत पहिला असलेला भारत इथे शेवटी जातो. असा आलेख छापणाऱ्याने टक्केवारी, एकूण युनिटे आणि दरडोई युनिटे असे तीनही रकाने शेजारी शेजारी द्यावेत, इतकीच आमची अपेक्षा आहे.

आपल्याकडचे काही लेखक मात्र हा दरडोई आकडा ढालीसारखा पुढे करतात. तेही आम्हांला पटत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेचदा 30 ते 40 टक्के असते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राशेजारी राहणाऱ्याच्या अंगणात पडणारी राख 140 कोटींत वाटली जात नाही.