धून सगळ्यांना पाठ, पुस्तक कुणी उघडलंय?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग सुरू असले की रेडिओ ऐकू येत नाही. तो ऐकू येतो पहाटे, पाळी बदलताना. आमच्या शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात तेवढी दहा मिनिटं खडखडाट थांबतो, चहा होतो आणि कुणाच्या तरी खोलीतून आकाशवाणीची ती सुरुवातीची धून येते. मागे तंबोरा, पुढे व्हायोलिन, काही सेकंदांचा तुकडा. ती ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे एका ज्युनियरने 'ही धून एका ज्यू निर्वासिताने बांधली, माहितीय का?' म्हणून लेख पाठवला, तेव्हा मी लगेच वाचला. मग दुसरा शोधला, तिसरा शोधला. पाचव्यापर्यंत लक्षात आलं की हे पाच लेख नाहीतच, एकच लेख पाच जणांनी लिहिलाय.

त्या लेखातला माणूस म्हणजे वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. बर्लिनमध्ये संगीतरचनेचं शिक्षण. हिटलर सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, कॉफमन मुंबईला आले. बायको गेर्टी ही फ्रांझ काफ्काची भाची. मुंबईत त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवायचे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. आणि ती धून. इथे लेख संपतो.

यातलं काही खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण एवढ्या छोट्या लेखात तीन वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रसिद्धीचा आधार घ्यावा लागतो आणि त्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षं काय काम केलं त्याला अर्धं वाक्यही मिळत नाही, हे मला खटकतं. कलावंतांची चरित्रं आपल्याकडे बहुतेक अशीच लिहिली जातात. व्हॅन गॉग म्हटलं की कान, बीथोव्हेन म्हटलं की बहिरेपण, मोझार्ट म्हटलं की विषप्रयोगाची अफवा. कॉफमन त्या मानाने नशीबवान, त्यांच्या वाट्याला निदान एक धून आली.

तुम्ही पेट देणार असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर हे लेख एकदा सराव म्हणून वाचा. बहुतेक ठिकाणी धुनेचं साल १९३६ दिलेलं असतं. कॉफमन मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळायला लागले ते १९३७ साली आणि १९४६ पर्यंत तिथे होते. हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, नोकरी लागायच्या आधीही माणूस धून बांधू शकतो. पण १९३६ च्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती: 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस'चं नाव बदलून 'ऑल इंडिया रेडिओ' झालं. मला दाट शंका आहे की धुनेचं साल संस्थेच्या नावाच्या सालावरून चिकटलंय. धुनेचं श्रेय दुसऱ्यांना देणारे लेखही आहेत. मेहली मेहतांनीच ते व्हायोलिन वाजवलं का, याबद्दलही 'असं म्हणतात' याच्या पलीकडे कुणी जात नाही. एकाने दुसऱ्याचं उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि सात-आठ उड्यांनंतर 'असं म्हणतात' गळून पडून नुसतं विधान उरलं. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नेमकं हेच होतं. तिथे फक्त शेवटी कंसात साल असतं, त्यामुळे ते जास्त खरं वाटतं.

आता त्या लेखांतून हमखास गळणारा भाग. मला तो धुनेपेक्षा मोठा वाटतो.

बर्लिननंतर कॉफमन प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्रात पीएचडी करत होते. विषय होता गुस्ताव माहलरच्या सिंफनी. प्रबंध पूर्ण झाला होता. तेव्हा त्यांना कळलं की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. कॉफमननी पदवी घ्यायला नकार दिला.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या स्वतःच्या प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती आणि दोन उरली होती. कुणी एका कारणासाठी हे सगळं सोडून दे म्हटलं तर मी काय करीन, याचं उत्तर मला त्या दिवशी आवडलं नाही. इथे एक गोष्ट सोपी करून चालणार नाही. बेकिंग काही सुमार माणूस नव्हता. लय हाताच्या हालचालीतून कशी दिसते यावर त्याने १९२८ मध्ये लिहिलेलं पुस्तक आजही संगीताचे अभ्यासक संदर्भाला घेतात. म्हणजे प्रश्न 'वाईट गाईड'चा नव्हता. गाईड विद्वान होता, प्रबंध तयार होता, पदवीचा उपयोगही होणार होता. परक्या देशात नोकरी मागायला जाणाऱ्या निर्वासिताला तर तो कागद सोन्यासारखा. तो कागद न घेता कॉफमन बोटीत बसले. मुंबईच का, तर व्हिसा सहज मिळत होता म्हणून, असं त्यांचं साधं उत्तर होतं.

भारतीय संगीताशी त्यांची पहिली भेट आपल्याला फारशी सुखद वाटणार नाही. रेकॉर्ड ऐकल्या आणि ते संगीत परकं, अगम्य वाटलं. पण पुढचा त्यांचा तर्क बघा. हे संगीत माणसांनीच घडवलंय, त्यांनाही हृदय आणि बुद्धी आहे, लाखो लोक ते आवडीने ऐकतात, तेव्हा दोष ऐकणाऱ्याचा म्हणजे माझाच असणार. मग अभ्यास करायला हवा. आम्ही प्रयोगशाळेत याला उपकरण तपासणं म्हणतो. रीडिंग विचित्र आलं की आधी नमुन्याला दोष देऊ नका, मीटर बघा. एका युरोपीय संगीतकाराने १९३० च्या दशकात स्वतःच्या कानाला मीटर समजून तपासायला काढावं, हे मला फार मोठं वाटतं. त्या काळचा साहेब सहसा उलटं करायचा.

मुंबईत त्यांनी काही महिन्यांतच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफली व्हायच्या, पाश्चात्त्य संगीताच्या. रेडिओची नोकरी होती. आणि या सगळ्यात वेळ काढून त्यांनी मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा लोकांची गाणी उतरवली. त्यावरचा लेख १९४१ मध्ये 'म्युझिकल क्वार्टर्ली' या अमेरिकी नियतकालिकात आला. महायुद्ध चालू, स्वतः निर्वासित, हाती पीएचडी नाही आणि हा माणूस गोंडांची गाणी लिहून काढतोय.

१९४६ मध्ये ते भारतातून गेले. इंग्लंड, मग कॅनडा. १९४८ पासून विनिपेग सिंफनीचे कंडक्टर, १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे १९६८ मध्ये 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया' हे पुस्तक आलं आणि १९७६ मध्ये दक्षिण भारतीय रागांचं. माझा मुख्य मुद्दा या पुस्तकांबद्दल आहे, कारण कौतुकाच्या लेखांमध्ये यांचं फक्त नाव येतं, कुणी ती उघडत नाही. उघडली तर कौतुकाबरोबर तक्रारही करावी लागते.

उत्तर भारतीय रागांच्या पुस्तकाची रचना भातखंड्यांच्या दहा थाटांवर आहे. थाटाप्रमाणे प्रकरणं, प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि स्वराकृती पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत. ज्याने कधी राग ऐकलेला नाही अशा युरोपीय वाचकाला यापेक्षा चांगला नकाशा तेव्हा सहज मिळाला नसता. पण नकाशाची लिपी कुठली निवडली यावर त्यात काय दिसणार हे ठरतं. ते समजावायला मला आमच्या कारखान्यातलं उदाहरण घ्यावं लागेल.

माझे वडील जकार्डची कार्डं पंच करायचे. चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर काढायचा, चौकटी भरायच्या, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड. भोक असेल तर आकडा ताण्याचा धागा उचलतो, भोक नसेल तर धागा खाली राहतो. अर्धं भोक नसतं. त्यामुळे मोराच्या मानेचा बाक कापडावर बाक राहत नाही, बारीक पायऱ्या होतात. चौकटी जितक्या बारीक, पायऱ्या तितक्या लहान. पण त्या असतातच. वडील म्हणायचे, लांबून बघ, मान दिसेल.

पाच रेघांची लिपी म्हणजे हा ग्राफ पेपर. दरबारीचा कोमल गंधार तिथे लिहिला की एक टिंब होतं आणि शेजारी कोमलची खूण. तो गंधार मुळात एका जागी उभाच राहत नाही, हळूहळू डोलतो, आणि डोलतो म्हणून तर दरबारी. मींड म्हणजे दोन स्वरांमधली सलग वाट, तिथे दोन टिंबं आणि फार तर वर एक कमान. बरं, टिंब म्हणजे नेमकी किती कंपनं हेही लिपी सांगत नाही. पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंट असतो, तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा फरक चांगल्या कानाला खुपतो. याच मुद्द्यावर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांवर टिकली. त्या बंदीच्या आधी पेटीविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार होता, दिल्ली केंद्रावर कॉफमनसारखंच काम करणारा. म्हणजे कॉफमनना हा वाद माहीत नसणं शक्य नव्हतं.

लिपीची मर्यादा मी माफ करीन. दुसऱ्या लिपीतही काही ना काही सुटलंच असतं. दक्षिणेकडच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात तर कॉफमननी स्वतःच 'स्वरसप्तकांच्या सामग्रीची यादी' अशा अर्थाचे शब्द घातलेत. आपण राग देत नाही, रागाचा सांगाडा देतोय, हे मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. इतकं प्रामाणिक उपशीर्षक आपल्या किती प्रबंधांना असतं?

माझी खरी तक्रार थाटांची आहे. भूप आणि देसकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. भातखंड्यांच्या मांडणीत भूप कल्याण थाटात जातो आणि देसकार बिलावलमध्ये. पण कल्याण आणि बिलावल यांच्यातला फरक आहे फक्त मध्यमाचा, आणि तो स्वर या दोन्ही रागांत नाहीच! मग वेगळे कशावरून केले? चलनावरून. भूप गंधारावर रमतो, देसकार वरच्या अंगात धैवतावर. भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. म्हणजे वर्गीकरण स्वरांचं आहे असं म्हणायचं आणि अडलं की गवयाचा कान वापरायचा. भातखंड्यांना हे चालून जातं, कारण त्यांच्याकडे घराणेदार गायकांकडून जमवलेल्या शेकडो बंदिशी होत्या आणि त्यांचा वाचक राग ऐकत वाढलेला होता. कॉफमनच्या अमेरिकेतल्या वाचकाकडे तो कान नव्हता. त्याच्या हातात उरते पाच स्वरांची तीच ओळ, दोन वेगवेगळ्या प्रकरणांत. स्वतःचा कान तपासायला काढणाऱ्या माणसाने दुसऱ्याची चौकट मात्र तितक्या कडकपणे तपासली नाही, असं मला वाटतं. मूळ रचना कुठे ताणली जाते हे त्याला, बाहेरून आलेल्या माणसाला, उलट लवकर दिसायला हवं होतं.

हे लिहिताना मला स्वतःचं तिसरं प्रकरण आठवतंय. त्यातलं मॉडेल मी एका नावाजलेल्या पेपरमधून जसंच्या तसं घेतलंय. त्याची गृहीतकं माझ्या नमुन्यांना लागू होतात का, हे व्हायव्हात कुणी विचारलं नाही तर बरं, अशी माझी आजही प्रार्थना असते.

संगीतकार म्हणून कॉफमन कसे? २०२० मध्ये कॅनडाच्या एआरसी आंसांबलने त्यांच्या चेंबर रचनांचं ध्वनिमुद्रण काढलं. ते मिळवून ऐका. भारतीय सुरावट पाश्चात्त्य वाद्यांवर चिकटवली की जो एक पर्यटनछाप गोडवा येतो, तो यात फार थोडा आहे. व्हायोलिन एखादी ओळ घेऊन तिच्यातच फिरत राहतं, पुढे जायची घाई करत नाही. ही सवय बर्लिनमध्ये लागलेली नसणार. पुस्तकात जी गोष्ट लिपीत बसली नाही ती इथे बऱ्यापैकी उतरलीय असं माझं मत. मात्र काही ठिकाणी, विशेषतः जलद भागांत, तेच ते वळण पुन्हा येतं आणि कंटाळा येतो.

कॉफमन १९८४ मध्ये गेले. त्यांची कागदपत्रं इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. धुनेच्या सालाचा निकाल लावायची ज्याला खाज असेल त्याने व्हॉट्सॲप सोडून तिकडे ईमेल करावा.

बाकी धून शिवरंजनीत आहे असं सगळे लेख सांगतात. शिवरंजनी म्हणजे भूपातला गंधार कोमल केला की झाली, असं पुस्तकी सोपं सूत्र. परवा पहाटे पाळी बदलताना मी मुद्दाम जिन्यात बसून ऐकलं, व्हायोलिनचा तो गंधार टिंबासारखा उभा राहतो की डोलतो ते बघायला. तेवढ्यात समोरच्या शेडमधला पहिला माग सुरू झाला. उद्या परत बसेन.