झाडाझडती कोणाची?

दिवाळीच्या अंकात धरणग्रस्तांच्या कादंबरीविषयी लिहिणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. पण आज घरोघरी ज्या साखरेचे करंज्या-लाडू झाले, ती साखर ज्या पाण्यावर पिकते त्या पाण्याचीच ही कथा आहे. तेव्हा विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ची आठवण याच दिवसांत करावी, असे मला वाटते.

ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. लेखक शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे आणि प्रशासकीय सेवेत राहिलेले. त्यामुळे नोटीस, पंचनामा, सातबारा आणि साहेबांनी दिलेली पुढची तारीख यांच्या चरकात कुणबी कसा पिळून निघतो, हे त्यांनी जवळून पाहिलेले आहे. जांभळी गाव धरणात जाते आणि खऱ्या हालांना तिथूनच आरंभ होतो. गावावर पाणी एकदाच चढते, कचेरीची पायरी मात्र वर्षानुवर्षे चढावी लागते.

या कादंबरीच्या जोडीला मला जॉन स्टाइनबेकची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आठवते. ओक्लाहोमातली कुळे जमिनीवरून हुसकली जातात. गोळी घालायची तर कोणाला, असे एक कूळ ट्रॅक्टरवाल्याला विचारते, तेव्हा बोट बँकेकडे आणि बँकेमागच्या आणखी कोणाकडे जाते. तिथल्या शत्रूला चेहराच नाही. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर मात्र स्थानिक लोक याच माणसांना ‘ओकी’ म्हणून हिणवतात. ‘झाडाझडती’तला सर्वांत दुखरा संघर्षही असाच आहे, आणि तो मला धरण व गाव यांच्यातल्या झगड्याहून मोठा वाटतो. तो आहे शेतकऱ्याचा शेतकऱ्याशी. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदाराची ठरावीक मर्यादेपुढची जमीन घेऊन ती विस्थापिताला द्यावी, हे त्याचे तत्त्व. तत्त्व न्यायाचे खरे. पण ज्याची जमीन जायची त्याचाही जीव मातीत अडकलेला. मग एकाचे पुनर्वसन दुसऱ्याला दरोडा वाटू लागते आणि पाण्याला हवीहवीशी म्हणणारी माणसे पाणी देणाऱ्याला दारात उभे करीत नाहीत.

कादंबरीत उणे नाही असे नाही. अन्यायावर अन्याय रचले जातात, काही अधिकारी आणि पुढारी एकाच रंगात रंगवलेले दिसतात आणि एका टप्प्यावर वाचकाचे मन बधिर होते. परंतु खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस समोर आला की ते पुन्हा जागे होते. त्यांच्या सरळपणाची किंमत काय, हा प्रश्न मग पुस्तक मिटल्यावरही सुटत नाही.

हे मी कोडोलीत बसून लिहितो आहे. आमच्या शिवारात ऊस उभा आहे आणि वारणेच्या वरच्या अंगाला चांदोलीचे धरण आहे. त्यासाठी उठलेल्या गावांतली माणसे खालच्या मुलखात वसाहती करून राहिली. त्यांच्या मूळ गावांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? ‘वसाहतीतले’ एवढ्या एका शब्दात आपण त्यांना गुंडाळून ठेवतो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. म्हणजे हे दुखणे आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे. धरणे नकोतच, असे मला या कादंबरीतून ऐकू येत नाही. ज्याच्या त्यागावर आपला मळा पिकला त्याला आपण शेजारी मानले का, एवढेच ती विचारते. झाडाझडती विस्थापितांच्या गाठोड्यांची होते असे प्रथम वाटते; वाचता वाचता ती आपल्याच कोठाराची होऊ लागते.

फराळ आटोपल्यावर निवांत वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी या पुस्तकातली दहा पाने मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत. मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे देणे जड जाईल, पण ती टाळू नयेत.