ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहातील नाताळ आणि रायगडचा किनारा : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. विसाव्या शतकाच्या मध्यातील परदेशी ध्वनिमुद्रिकांच्या लेबलांवर मात्र ‘ख्रिसमस’ हा इंग्रजी शब्द दिसतो. एकाच सणाची ही दोन नावे दोन निरनिराळ्या वाटांनी या किनाऱ्यावर पोहोचली. पहिली चौल-रेवदंड्याच्या बंदरातून आली, तर दुसरी मुंबईच्या बाजारपेठेतून. १९४० ते १९६५ या काळातील नाताळगीतांच्या ध्वनिमुद्रिका जमविणे हा आज अनेकांचा छंद आहे. अशा संग्रहाकडे सांस्कृतिक इतिहासाचे साधन म्हणून पाहताना त्याची मर्यादा कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत लेखात रायगड किनाऱ्याच्या संदर्भात केला आहे.

तबकडीची साक्ष

दर मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी प्रामुख्याने लाख आणि खनिज भुकटी यांच्या मिश्रणातून बनत असे. ही लाख मुख्यतः भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या परिसरातून, जगभर जाई. १९४२ मध्ये अमेरिकेत लाखेच्या वापरावर युद्धकालीन निर्बंध आले आणि त्याच वर्षी बिंग क्रॉस्बी यांच्या आवाजातील ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत प्रसिद्ध झाले. पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरील लाखेवर बर्फाचे गाणे कोरले गेले, असे म्हटल्यास ते अलंकारिक ठरणार नाही.

या गीताच्या प्रती इतक्या काढल्या गेल्या की, मूळ साचा झिजला. परिणामी १९४७ मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आज सर्वत्र ऐकू येते ते बहुधा हे दुसरे ध्वनिमुद्रण होय. म्हणूनच जाणकार संग्राहक केवळ गीताच्या नावावर विसंबत नाही. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला साचाक्रमांक तो वाचतो. शीर्षक, गायक आणि गीत एकच असूनही दोन तबकड्या दोन स्वतंत्र कागदपत्रे ठरू शकतात. संग्राहकाने जोपासलेली ही शिस्त संशोधनास उपकारक आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाद्वारे भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत हेच दाखवून दिले आहे.

संग्राहकाची मूल्ये

तथापि, संग्राहकाची मूल्यव्यवस्था आणि अभ्यासकाची मूल्यव्यवस्था एक नव्हे. बाजारात कोऱ्यासारख्या प्रतीला सर्वाधिक किंमत येते. वेष्टन फाटलेली, सुईने चर झिजलेली, वरच्या कोपऱ्यात शाईने कोणाचे नाव लिहिलेली प्रत बाजूला पडते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र क्रम नेमका उलटा लागतो. कोरी प्रत ती विकत घेतली गेली एवढेच सांगते. झिजलेली प्रत ती ऐकली गेली हे सांगते. १९६३ मधील जिम रीव्ह्ज यांची ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ ही दीर्घ तबकडी भारतातील ख्रिस्ती घरांमध्ये वर्षानुवर्षे वाजत राहिली. तिच्या निष्कलंक प्रतीपेक्षा खरखरणारी प्रतच या आवडीचा अधिक सबळ पुरावा होय.

दमट, खाऱ्या हवेचाही येथे विचार करावा लागतो. किनाऱ्यावरील घरांत लाखेवर बुरशी चढते, कागदी वेष्टन कुजते. जे टिकले त्यावरून जे होते त्याचा सरळ हिशेब मांडता येत नाही.

संग्रहाबाहेरचे गाणे

याहून गंभीर प्रश्न आहे तो तबकडीवर कधीच न आलेल्या गाण्याचा. रेवदंड्यासमोर, खाडीपलीकडे मुरूड तालुक्यात कोर्लई हे गाव आहे. १७४० मध्ये चौल परिसरातील पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु गावातील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून घडलेली आपली बोली टिकवून ठेवली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तिच्या जडणघडणीचा सविस्तर अभ्यास केला आहे. या बोलीत गाणीही आहेत.

ध्वनिमुद्रण हा व्यवसाय होता. मुंबईतील मोठ्या गोवेकर वस्तीमुळे कोंकणी तबकड्यांना गिऱ्हाईक होते. हजाराच्या आतबाहेर भाषकसंख्या असलेल्या एका गावाच्या बोलीला मात्र त्या हिशेबात स्थान मिळणे शक्य नव्हते. कोर्लईची गाणी पोर्तुगालमध्ये १९९८ साली निघालेल्या एका सीडी-मालिकेत दमण, दीव व कोचीच्या गाण्यांसोबत आली; म्हणजे तबकड्यांचे युग सरल्यानंतर.

तेव्हा केवळ जुन्या तबकड्यांवरून या किनाऱ्याच्या नाताळचे चित्र रेखाटू पाहणाऱ्यास बर्फ, घसरगाडी आणि सूचिपर्णी वृक्ष सापडतील. वालाच्या शेंगांच्या पोपटीचे दिवस, खाडीवरचा वारा आणि गावची बोली यांचा मागमूस त्यात लागणार नाही. हा दोष तबकडीचा नाही; विक्रीस आलेले तेच गायले गेले, असे मानणाऱ्या वाचनाचा आहे.

समारोप

ध्वनिमुद्रिकांचा संग्रह निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. बाजाराने कोणता नाताळ घरोघरी पोहोचविला, याचा तो उत्तम दस्तऐवज आहे. त्याला पूरक असा दुसरा संग्रह मात्र अद्याप करावयाचा आहे. कोर्लईच्या नव्या पिढीच्या शिक्षणाची भाषा मराठी आहे आणि जुनी गाणी तोंडपाठ असणारी माणसे वृद्ध होत आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांना हे काम सहज हाती घेता येईल. गाणाऱ्यांची संमती, ठिकाण, दिनांक आणि प्रसंग यांची नोंद संग्राहक साचाक्रमांक टिपतो तितक्याच काटेकोरपणे व्हावी आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावात राहावी. झिजलेल्या साच्यावरचे गाणे १९४७ मध्ये पुन्हा गाऊन घेता आले, कारण गायक हयात होता. कोर्लईच्या गाण्यांबाबत ही सवड फार काळ उरणार नाही.