एनएच्या कागदात जमीन कुठे?

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांसाठी जागा ठरवताना जमिनीची थरथर आधी मोजली गेली. यंत्रच तेवढं नाजूक! पण याच हिंगोली जिल्ह्यात प्लॉट घेताना आपण काय पाहतो? सातबारा, एनएचा आदेश, रस्त्याची रुंदी. खाली काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, हे पाया खणतानाच कळतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग भिंतीही तेच करतात.

21 मार्च 2024 ला सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला 4.5 चा. 10 जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर जमिनीतल्या आवाजांबद्दल कित्येक वर्षं सांगताहेत. कुणी म्हणेल, धक्के लहानच, भूकंपाच्या नकाशात आपण वरच्या पट्ट्यात नाही. अहो, 1993 ला किल्लारी सर्वांत खालच्या पट्ट्यात होतं! तो पट्टाच पुढे 2002 ला रद्द झाला. माझा आक्षेप नकाशावर नाही. नकाशा दाखवून खड्डा टाळण्यावर आहे. ले-आउट मंजूर होण्याआधी चार खड्डे घ्या, माती तपासा. आणि तो खर्च प्लॉट विकणाऱ्याने करायचा, घेणाऱ्याने नाही.