ब्रॅड गिल्बर्ट: ओबडधोबड जिंकणं आणि त्याची हद्द

ब्रॅड गिल्बर्ट इव्हान लेंडलविरुद्ध १६ सामने खेळला आणि १६ही हरला. टेनिसमधल्या दोन जागतिक दर्जाच्या खेळाडूंमध्ये इतका एकतर्फी हिशोब क्वचितच सापडतो. आणि याच माणसाने १९९३ साली, स्टीव्ह जेमिसनच्या मदतीने, जिंकावं कसं यावर पुस्तक लिहिलं. ‘विनिंग अग्ली’. मराठीत सांगायचं तर ओबडधोबड जिंकणं. ते आजही टेनिसवरच्या सर्वात जास्त वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एक आहे.

आता दुसरी बाजू. गिल्बर्ट एकेरीच्या २० स्पर्धा जिंकला. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. जानेवारी १९९० मध्ये जागतिक क्रमवारीत चौथ्या नंबरवर होता. १९८९ मध्ये सिनसिनाटीत त्याने बोरिस बेकर आणि स्टेफन एडबर्ग यांना लागोपाठ हरवून स्पर्धा जिंकली. हे दोघं त्याच वर्षीच्या विम्बल्डन फायनलमध्ये समोरासमोर होते. ग्रँड स्लॅममध्ये मात्र तो कधीही उपांत्य फेरीच्या आत गेला नाही. त्याचे जुने सामने यूट्यूबवर पाहा. सर्व्ह साधी, फोरहँड देखणा नाही, बॅकहँड नुसता ढकललेला. हा माणूस जगात चौथा होता यावर पटकन विश्वास बसत नाही.

मी हे पुस्तक हातात घेतलं त्याचं कारण टेनिस नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मला एक गोष्ट स्वच्छ कळली होती: वर्गात चारपाच जण असे आहेत ज्यांना जे दहा मिनिटांत दिसतं ते मला दोन तासांनी दिसतं. नोकरीत गेल्यावर अशी माणसं आणखी भेटली. अशा वेळी प्रश्न उरतो तो एवढाच की आपल्यासारख्याने काय करायचं. यावर बाजारात दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे मेहनत कर, सगळं जमेल. दुसरं म्हणजे नशिबात असेल ते होईल. गिल्बर्ट तिसरं उत्तर देतो, म्हणून त्याचं पुस्तक महत्त्वाचं आहे. आणि त्याने पुढे प्रशिक्षक म्हणून तीस वर्षं जे केलं, त्यातून ते उत्तर कुठपर्यंत पुरतं हेही दिसतं.

त्याचं उत्तर: बघ. कोर्टवर सध्या कोण कोणाचं काय बिघडवतंय, हे दर दोन गेमनंतर स्वतःला विचार. मी हरतोय तर नेमका कशामुळे? समोरच्याच्या चांगल्या फटक्यांमुळे, की माझ्या चुकांमुळे? तो पॉइंट मिळवतोय ते कोर्टच्या कुठल्या कोपऱ्यातून? बहुतेक खेळाडू हा प्रश्न सामना संपल्यावर घरी जाताना गाडीत विचारतात. गिल्बर्ट म्हणतो, तो कोर्टवर जाताना गाडीत विचारायला सुरुवात करा.

आमच्या धंद्यात याला डीबगिंग म्हणतात. सर्व्हर पडला की नवशिक्या माणूस घाबरून चार गोष्टी एकदम बदलतो. अनुभवी माणूस आधी लॉग उघडतो. गिल्बर्ट लॉग ठेवणारा खेळाडू होता. कोण कुठे सर्व्ह करतो, दबावाखाली कोणाचा कुठला फटका गळतो, याच्या नोंदी तो लिहून ठेवायचा. पुस्तकात बॅगेत काय काय न्यायचं यावरही पानं आहेत. नाणेफेक जिंकली तरी पहिली सर्व्ह समोरच्याला द्या, कारण हौशी खेळाडूचं अंग सुरुवातीला गरम झालेलं नसतं, असाही सल्ला आहे. वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की यात एकही गोष्ट अशी नाही जिला प्रतिभा लागते.

पुस्तकातली माझ्या मते सर्वात मोलाची कल्पना पॉइंटच्या वजनाबद्दलची आहे. गेम जिंकायला एक पॉइंट उरला की तो महत्त्वाचा, हे कोणालाही कळतं. गिल्बर्ट त्याच्या आधीच्या पॉइंटकडे बोट दाखवतो. ३०-३० किंवा ड्यूसला बहुतेक जण निवांत असतात, कारण धोका अजून समोर उभा नसतो. त्या पॉइंटला जो जागा राहिला तो पुढच्या पॉइंटला वरचढ असतो.

पण हे पुस्तक जितकं हुशार आहे तितकंच काही ठिकाणी उथळही आहे. प्रकरणं पुढे पुढे याद्यांसारखी होतात: डावखुऱ्याशी असं खेळा, नेटवर धावणाऱ्याशी तसं. आणि शेवटचा भाग, समोरच्याचं डोकं फिरवण्याच्या डावपेचांचा, मला पटत नाही. तिथे गिल्बर्टची नजर बारीक आहे, पण तिच्यात प्रतिस्पर्धी म्हणजे केवळ दोषांची बेरीज उरतो. जानेवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने मास्टर्स स्पर्धेत जॉन मॅकेन्रोला हरवलं, आणि त्यानंतर मॅकेन्रो काही महिने टेनिसपासून लांब गेला. गिल्बर्टला या विजयाचा अभिमान आहे, तो असायलाही हवा. पण मॅकेन्रोच्या खेळात असं काय होतं की लोक रात्र जागून ते बघायचे, याचं कुतूहल मला या पुस्तकात कमी दिसतं. सौंदर्य हे इथे फक्त भेदायचं लक्ष्य आहे.

गंमत अशी की पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच गिल्बर्टकडे टेनिसमधल्या सर्वात देखण्या हातांपैकी दोन हात चालून आले. १९९४ मध्ये मनगटाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला आंद्रे आगासी क्रमवारीत घसरलेला होता, आणि सगळे त्याला वाया गेलेली प्रतिभा म्हणत होते. गिल्बर्ट तेव्हा स्वतः अजून खेळत होता. आगासीच्या ‘ओपन’ या २००९च्या आत्मचरित्रात त्यांच्या पहिल्या जेवणाचं वर्णन आहे. गिल्बर्टचं निदान थोडक्यात असं होतं: तू प्रत्येक चेंडूवर परिपूर्ण फटका मारायला जातोस आणि स्वतःला हरवतोस. जगात सर्वोत्तम असण्याची रोज गरज नाही. आज समोर जो एक माणूस आहे त्याच्यापेक्षा बरा खेळ.

त्याच वर्षी आगासी मानांकन नसताना अमेरिकन ओपन जिंकला. १९६६ नंतर असं कोणी केलं नव्हतं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन, आणि पहिला नंबर. मग १९९७ मध्ये तो १४१व्या नंबरपर्यंत कोसळला. तिथून गिल्बर्टने त्याला छोट्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये खेळायला लावलं, जिथे टीव्ही नसतो आणि प्रेक्षक मोजता येतात. १९९९ मध्ये फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये आंद्रेई मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही आगासी जिंकला, आणि चारही ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर लागली. मधे पावसाने खेळ थांबला तेव्हा लॉकर रूममध्ये गिल्बर्ट त्याच्यावर भडकला होता. त्या क्षणी त्याच्याकडे सांगण्यासारखं नवं तंत्र काहीच नव्हतं. आगासीच्या आठ ग्रँड स्लॅमपैकी सहा गिल्बर्टसोबतची आहेत.

इथे मला पुस्तक आणि कारकीर्द यांच्यात फट दिसायला लागते. पुस्तक सामान्य माणसाला सांगतं: विचार कर, म्हणजे तू प्रतिभावंताला हरवशील. प्रशिक्षक गिल्बर्टचं सगळं यश मात्र प्रतिभावंतांबरोबरचं आहे. आगासीचा रिटर्न आधीच जगात सर्वोत्तम होता. गिल्बर्टने त्याला डोळे दिले. हात त्याचे स्वतःचेच होते.

जून २००३ मध्ये तो अँडी रॉडिककडे गेला. रॉडिककडे त्या काळातली सर्वात भीतिदायक सर्व्ह होती. तीन महिन्यांत रॉडिकने मॉन्ट्रियल, सिनसिनाटी आणि अमेरिकन ओपन जिंकलं, वर्षअखेर पहिला नंबर घेतला. पुढच्या वर्षी विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने त्याला हरवलं, आणि डिसेंबर २००४ मध्ये रॉडिकने गिल्बर्टला निरोप दिला. समोरच्याचे दोष शोधायचे म्हटलं तर समोर दोष असावे लागतात. फेडररच्या बाबतीत तीच पंचाईत होती.

मग अँडी मरे, २००६ ते २००७. एकोणीस वर्षांचा मरे त्याच्या हाताखाली पहिल्या दहांत आला, पण ही जोडी दीड वर्षही टिकली नाही. माझा अंदाज असा: मरे स्वतःच डावपेचांचा कीडा होता. ज्याच्या डोक्यात आधीच शंभर पर्याय फिरताहेत त्याला आणखी वीस देऊन काय होणार? मरेला पहिलं ग्रँड स्लॅम २०१२ मध्ये मिळालं, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात बसला होता इव्हान लेंडल. होय, तोच १६-० वाला. लेंडल स्वतःच्या पहिल्या चार ग्रँड स्लॅम फायनल हरला होता आणि मरेही चार हरला होता. लेंडल स्टँडमध्ये दगडासारखा बसायचा, फारसं बोलायचा नाही. मरेला सल्ल्यापेक्षा त्या शांततेचीच गरज असावी.

शेवटचं मोठं प्रकरण कोको गॉफचं. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये ती पहिल्याच फेरीत हरली. त्यानंतर गिल्बर्ट तिच्या चमूत आला. तिथे पेरे रिबा हा प्रशिक्षक आधीच होता. गॉफचा फोरहँड कच्चा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. महिनाभरात फोरहँड दुरुस्त होत नाही, म्हणून गिल्बर्टने त्याला हात न लावता तिच्या पायांवर आणि बचावावर खेळ उभा केला. तिने वॉशिंग्टन जिंकलं. सिनसिनाटीत सात वेळा हरवणाऱ्या इगा श्वियाँतेकला पहिल्यांदा हरवलं आणि तीही स्पर्धा जिंकली. मग पहिला सेट गमावून आर्यना सबालेंकाविरुद्ध अमेरिकन ओपन. ‘विनिंग अग्ली’चा याहून चांगला प्रयोग कुठे झाला नसेल.

पण त्या अमेरिकन ओपनमधलाच एक क्षण मला जास्त बोलका वाटतो. आगासीच्या काळात स्टँडमधून सूचना देण्यावर बंदी होती. आता मुभा आहे, आणि गिल्बर्ट अखंड बोलत असतो. कॅरोलिन वोझ्नियाकीविरुद्धच्या सामन्यात गॉफ त्याला गप्प बसायला सांगताना ऐकू आली. ती तो सामना जिंकली. वर्षभराने विम्बल्डनमध्ये एमा नवारोविरुद्ध उलट घडलं. गॉफ वारंवार स्टँडकडे बघून मार्ग विचारत राहिली, आणि सामन्यानंतर म्हणाली की ठरवलेला बेत चालत नव्हता आणि आज तिला स्वतःला उत्तर सापडलं नाही.

पुस्तकाचा सगळा भर खेळाडूने स्वतः बघावं यावर आहे. प्रशिक्षक सतत त्याच्या वतीने बघू लागला तर खेळाडूची ती सवय तयारच होत नाही. हे मी ऑफिसातही पाहतो. जो सीनिअर दर बग स्वतः शोधून देतो त्याच्या टीमचं काम भराभर होतं, पण तो सुट्टीवर गेला की टीम हवालदिल होते.

दुसरी हद्द त्याहून कठोर आहे. २०२४च्या अमेरिकन ओपनमध्ये गॉफ पुन्हा नवारोकडून हरली. त्या सामन्यात तिने १९ डबल फॉल्ट केले. सर्व्हच आत पडत नसेल तर समोरची कुठून कमजोर आहे हे माहीत असून उपयोग काय? त्याच महिन्यात ती गिल्बर्टपासून वेगळी झाली. त्यानंतर तिने सर्व्हची पकड बदलायला घेतली, २०२५ मध्ये फ्रेंच ओपन जिंकलं, आणि त्याच वर्षी सर्व्हसाठी शरीराच्या हालचालींचा अभ्यास असणारा वेगळा प्रशिक्षक नेमला. मोडलेली गोष्ट झाकून किती काळ खेळता येतं? गिल्बर्टच्या पद्धतीने एक उन्हाळाभर खेळता येतं, आणि त्यात एक ग्रँड स्लॅमही मिळून जातं. पण दुरुस्ती टळत नाही.

म्हणून ‘विनिंग अग्ली’ वाचावं का? जरूर वाचावं, पण मुखपृष्ठावरच्या आश्वासनावर जाऊ नये. डोकं चालवून प्रतिभेची जागा भरून निघते असं हे पुस्तक सुचवतं, तेवढ्याबाबत लेखकाचाच १६-० हा हिशोब त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. त्याचं खरं म्हणणं जास्त साधं आहे आणि जास्त उपयोगी आहे. आपल्याकडे जे आहे त्यातला निम्मा भाग आपण न बघितल्यामुळे वाया घालवतो. तो वाचवला तर फार साधी सर्व्ह असलेला माणूसही जगात चौथा होऊ शकतो. पहिला होण्यासाठी आणखी काहीतरी लागतं, आणि ते या पुस्तकात नाही.

चौथा नंबर म्हणजे हरणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. रँक, पर्सेंटाइल, कटऑफ यांच्यातून वाढलेल्या आपल्या पिढीला तर फारच. गिल्बर्टची खेळाडू म्हणून कारकीर्द ही मला त्याच्या पुस्तकापेक्षाही चांगली शिकवण वाटते. आपली हद्द नीट माहीत असलेला एक माणूस त्या हद्दीच्या अगदी काठापर्यंत जाऊन, तिथे ठाण मांडून २० वेळा जिंकला. ते दिसायला ओबडधोबड होतं. पण ते सगळं त्याचं स्वतःचं होतं.